घासलेली कड

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला दिसतो तो पुढचा हसरा मालक, आरसा आणि फ्रेमांची रांग. मागच्या खोलीत खिडकीखाली बसून काच घडवणारा माणूस कोणाच्या नजरेला पडत नाही. अशाच एका मागच्या खोलीत आपला चष्मेवाला चौतीस वर्षं बसला. दुकान मालकाचं असलं तरी गल्लीत चष्मेवाला म्हणून ओळख ह्याचीच होती. स्वतःच्या नाकावर मात्र चष्मा नव्हता, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

काम तसं सरळ. गोल जाड काच घ्यायची, तिच्यावर शाईने फ्रेमचा आकार काढायचा आणि पकडीने कड कुरतडत कुरतडत त्या रेघेपर्यंत यायचं. घाई केली की काच तडकली. मग ती चाकावर घासायची. सगळं झालं की कुरुंदाची, म्हणजे घासायच्या दगडाची, बोटभर कांडी कडेवरून हलकेच फिरवून धार मोडायची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या गालाला लागायला नको. ही शेवटची कांडी त्याने चौतीस वर्षांत एकदाही चुकवली नाही.

पुढे प्लॅस्टिकची भिंगं आली, त्यांच्यामागून ती कापणारं मशीन आलं, आणि मालकाने गोड शब्दांत निरोप दिला. चष्मेवाला पकड आणि कांडी खिशात घालून घरी आला. महिनाभरात घरातला एकेक स्क्रू त्याने आवळला. मग बिजागऱ्यांकडे वळला.

"अहो, त्या कपाटाला सुखाने कुरकुरू द्या," बायको म्हणाली. "आणि जरा बाहेर जाऊन या. कुठेही जा, पण जा."

तो वस्तुसंग्रहालयात गेला, कारण ते घरापासून दहा मिनिटांवर होतं आणि रविवारी तिथे तिकीट नसे. मागच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली, मांडीवर चामड्याची जाड घडी टाकून एक बाई दगड फोडत बसल्या होत्या. त्या संग्रहालयाच्या चित्रकार. आदिमाणसांनी घडवलेल्या दगडी हत्यारांची चित्रं काढायचं त्यांचं काम. हत्यारावरचा प्रत्येक घाव कुठून कुठे गेला हे कळल्याशिवाय चित्र खरं उतरत नाही, म्हणून त्या स्वतःच घडवायला शिकल्या होत्या, आणि रविवारी येईल त्याला शिकवत होत्या.

बाईंनी गोट्याने टोला मारला. चकमकीच्या दगडातून तळहाताएवढी कपची सुटली. तिच्या आतल्या अंगावर शिंपल्यासारख्या वळ्या उमटल्या होत्या. चष्मेवाला पुढे वाकला. अशा वळ्या त्याने रोज आपल्या पकडीखाली पडलेल्या तुकड्यांवर पाहिल्या होत्या.

"हे काचेसारखं फुटतं की," तो न राहवून म्हणाला.

"काच ह्याच्यासारखी फुटते. थोरला हा आहे," बाई म्हणाल्या. "बसा. आधी डोळ्यांवर गॉगल चढवा."

तेव्हापासून रविवार ठरून गेला. पहिले तीन महिने त्याने नुसती खडी पाडली. दगड मधोमध फुटायचा, नाहीतर कपची निम्म्यात अडकून पायरी पडायची.

"तुम्ही त्याच्यावर राग काढताय," बाई म्हणायच्या. "त्याने तुमचं काय वाकडं केलंय?"

"काही नाही."

"मग सावकाश. जोर खांद्यात नको, नेम डोळ्यांत हवा. आणि आधी ऐका."

ऐकायचं म्हणजे दगड बोटांवर तोलून हळूच टिचकवायचा. निकोप असेल तर खणखणतो, आत तडा असेल तर बद्द वाजतो. पुढची गोष्ट कडेची. ज्या कडेवर टोला मारायचा ती पातळ असेल तर चुरा होते आणि टोला वाया जातो, म्हणून ती आधी जरा बोथट करून घ्यायची. बाई त्यासाठी हाताला लागेल तो खरबरीत दगड दोनदा खरवडून घेत. चष्मेवाल्याने हे ऐकलं आणि खिशातून कुरुंदाची कांडी काढली. भिंगाची कड जशी मारायचा तशी त्याने दगडाची कड मारली, एकसारखी, तिरकी, आरशासारखी.

"अहो, हे कोणाच्या गालाला लागणार नाहीये," बाई हसून म्हणाल्या.

"हाताला सवय आहे."

"असू दे. टोला बरा बसतोय."

बाईंचा नियम एकच होता, आणि त्यात सूट नव्हती. काम ताडपत्रीवरच करायचं, उठताना नखाएवढी कपचीसुद्धा गोळा करायची, आणि तो ढीग आवारातल्या खड्ड्यात बाटल्यांच्या बुचांसकट पुरायचा. "दगडावर तारीख नसते," त्या म्हणत. "हजार वर्षांनी कोणी उकरलं तर त्याची फसगत व्हायला नको. बूच दिसलं की त्याला कळेल, हे आपले उद्योग."

पण चष्मेवाल्याला आठवड्यातून एक दिवस पुरेना. त्याने घरी गॅलरीत बैठक मांडली. पहिल्या आठवड्यात बायकोच्या पायात कपची घुसली. दुसऱ्या आठवड्यात एक पिठात सापडली.

"ह्या घरात एक तर दगड राहतील, नाहीतर मी," बायकोने निकाल दिला. "विचार करून सांगा. घाई नाही."

तो नदीवर जायला लागला. वळणावर दरडीत चकमकीचे गोटे उघडे पडलेले, बसायला सपाट जागा, आणि चिटपाखरू नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तो तिथे हवे तितके दगड फोडायचा. तिथे ताडपत्री कोण नेणार? नदीचा दगड नदीला गेला, असं म्हणून तो कपच्या दरडीवरून खाली लोटून द्यायचा. बाईंना त्याने हे सांगितलं नाही. लपवायचं असंही नव्हतं. पण सांगितलं असतं तर नियम आठवला असता, म्हणून विषयच काढला नाही.

दोन वर्षांत हात तयार झाला. त्याने पहिली धड दगडी हातकुऱ्हाड घरी आणली तेव्हा बायकोने ती उलटसुलट करून पाहिली, ओट्यावर टोमॅटो ठेवला आणि कापला. साल जरासुद्धा दबली नाही.

"सुरीपेक्षा बरी आहे," ती म्हणाली. एवढं कौतुक त्याच्या वाट्याला लग्नापासून दोनतीनदाच आलं असेल. मेहुणा मात्र त्याला आदिमानव म्हणायला लागला. बायको भावाला म्हणाली, "तसं कसं? आदिमानव भूक लागली की घरी यायचा."

मग तो रविवार आला. चष्मेवाला जरा लवकरच पोचला. आवारात कोणी नव्हतं, म्हणून वरच्या खोलीत डोकावला. बाई टेबलाशी होत्या. समोर कापसावर तीसेक कपच्या मांडलेल्या, शेजारी शाईने काढलेली चित्रं. बाई एरवी हसल्या तरी बेताने; आज चेहरा नुसता फुलला होता.

"या, या. बघा काय सापडलंय विद्यापीठाच्या प्राध्यापकांना. आदिमाणसांच्या कपच्या. नदीच्या वळणावर. आणि ही गंमत बघा, प्रत्येकीची कड आधी घासलेली. इतकी एकसारखी! अशी रीत आजवर कुठेच मिळाली नाही म्हणतात. मंगळवारी अहवाल छापायला जातोय." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ह्या वेळी मुखपृष्ठावर माझंही नाव आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय."

चष्मेवाल्याने एक कपची उचलली. उजेडात धरली. तिरकी, एकसारखी, आरशासारखी कड. स्वतःचं अक्षर ओळखावं तशी त्याने ती ओळखली, आणि जपून कापसावर परत ठेवली.

"छान आहे," एवढंच कसंबसं बोलून, पोटात दुखतंय म्हणून सांगून तो घरी आला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मग तिथेच का नाही बोललात?"

"बाईंचं नाव पहिल्यांदा छापून येतंय गं."

"आणि छापल्यावर कोणी ओळखलं, तर त्या नावाचं काय होईल?"

तो खिशातली कांडी चाचपत राहिला.

"त्या मला पुन्हा तिथे बसू देणार नाहीत," तो शेवटी म्हणाला.

"नाही देणार. त्यांच्या जागी मी असते तर दारातच धरलं असतं." तिने त्याच्या हातात चपला दिल्या. "जा. जेवण झाकून ठेवते."

तो परत गेला तेव्हा प्राध्यापकही आले होते. चाळिशीचे, उत्साही गृहस्थ. चष्मेवाल्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं, "ह्या कपच्या माझ्या आहेत. मी पाडल्या. नदीवर."

बाईंच्या हातातला टाक थांबला. प्राध्यापक मात्र हसले, आणि तेही मायेने. "काका, बाईंकडे शिकता ना तुम्ही? मग ओळखीचं वाटणारच. पण हा हात बघा! असा हात कमवायला माणसाचा जन्म जातो. रविवारी एक तास बसून हे जमत नसतं."

आता काय सांगावं! कबुली द्यायला आलेला माणूस, शरमेने अर्धा झालेला. पण हे ऐकलं आणि त्याच्या कानाची पाळी लाल झाली. चोर म्हणा, आळशी म्हणा, तो ऐकून घेणार होता. जमत नसतं म्हटलेलं त्याला सहन होईना.

"जमतं," तो म्हणाला. "खाली चला."

प्राध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मेवाल्याकडे पाहिलंही नाही. "चला," त्या म्हणाल्या, आणि पुढे झाल्या.

शेडखाली ताडपत्री पसरली. चष्मेवाल्याने ढिगातून एक गोटा उचलला, टिचकवला, बाजूला ठेवला. दुसरा उचलला, तो खणखणला. गॉगल चढवला, प्राध्यापकांनाही एक दिला. पहिल्या दोन टोल्यांत वरची पांढरी साल उडवली. मग खिशातून कुरुंदाची कांडी काढली आणि बाहेरून आत, बाहेरून आत, कडेवरून फिरवायला लागला. तो सूं सूं आवाज सुरू झाला तसं प्राध्यापकांचं हसू मावळलं.

टोला. कपची मांडीवरच्या चामड्यावर उतरली. पुन्हा कांडी, पुन्हा टोला. आठ टोल्यांत आठ कपच्या, एकीच्या पाठीवर दुसरी. नवव्या टोल्याला त्याला स्वतःलाच बरं वाटायला लागलं, म्हणून तो थांबला.

बाईंनी वरून नदीवरच्या कपच्यांचा ट्रे आणवला. एक जुनी, एक नवी कपची शेजारी धरून भिंगातून पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या.

"कोन तोच. डाव्या बाजूला जास्त दाब, तोही तोच," त्या म्हणाल्या. "दर रविवारी डोळ्यांसमोर होतं, तरी ओळखलं नाही मी. सर, ह्यांच्याच आहेत."

प्राध्यापक मटकन स्टुलावर बसले. "किती वेळा गेला होतात नदीवर?"

"आठवड्यातून दोनदा."

"किती दिवस?"

"दीडएक वर्षं."

"अरे देवा!"

मग बाई बोलल्या. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "अठरा चित्रं काढली मी. एकेकाला एकेक दिवस लागला. आणि तुम्ही दर रविवारी माझ्यासमोर ताडपत्री झटकून घडी घालत होतात."

"हो," चष्मेवाला म्हणाला.

"नदीवरचं सगळं उचला. एक कपची राहता कामा नये. तोवर इथे यायचं नाही."

पाच आठवडे लागले. प्राध्यापक स्वतः बरोबर आले, कारण कुठलं उचलायचं आणि कुठलं राहू द्यायचं हे त्यांनाही शिकायचं होतं. दोघं दरडीखाली ओणवे होऊन चाळत बसायचे.

"ही?"

"माझी."

"ही?"

"माझीच. पायरी पडलीय बघा. त्या दिवशी बायकोशी भांडण झालं होतं."

"आणि ही? ही तर अगदी रद्दी आहे."

"ती नदीनेच फोडलीय, साहेब. इतकं वाईट मी नाही फोडत."

तिसऱ्या आठवड्यात प्राध्यापक न विचारता ओळखायला लागले. चौथ्यात ते म्हणाले की अहवाल आता वेगळा निघेल: नवी कपची जुनीतून कशी निवडावी. बाईंची अठरा चित्रं त्यात जशीच्या तशी जातील. लेखन कमी, चित्रं जास्त. तेव्हा बाईंचं नाव वर आणि स्वतःचं खाली. बाईंनी त्यावर दोन दिवस विचार केला आणि हो म्हटलं.

"माझं नाव?" शेवटचं, सातवं पोतं संग्रहालयात पोचवताना चष्मेवाल्याने भीत भीत विचारलं.

"चुकीवर नाव छापत नसतात," बाई म्हणाल्या. "पाचवं चित्र मात्र सुरेख आलंय. कपची चांगली होती म्हणून."

निवृत्तीच्या आधीचा शेवटचा रविवार. चष्मेवाला शेडच्या कडेला उभा राहिला. बसा म्हणतील की नाही, माहीत नव्हतं. बाई आतून दोन्ही हातांनी एक मोठा गोटा घेऊन आल्या. काळाभोर, नितळ. सहा वर्षं त्यांनी तो कपाटात जपला होता, आणि आता त्यांच्या मनगटात त्याच्यापुरता जोर उरला नव्हता. त्यांनी तो जड गोटा चष्मेवाल्याच्या हातांत दिला, तेव्हा त्याला बसावंच लागलं.

"ह्यातून हातकुऱ्हाड एकच निघेल, पण चांगली वीतभर लांब निघेल," त्या म्हणाल्या. "चुकलं तर खडी. विचार करा."

त्याने दगड तोलला, फिरवला, टिचकवला. आवाज शेडभर घुमला. मग सगळ्या बाजूंनी सावकाश अंगठा फिरवून एका जागी थांबवला.

"निघेल," तो म्हणाला.

"नक्की?"

"कुठे मारायचं ते दिसतंय मला."

बाई समोर स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी गॉगल डोळ्यांवर घेतला. टोला बसला. कपची पानासारखी सुटली, आणि ती खाली टेकायच्या आत त्याने दगड पुढच्या घावासाठी फिरवलासुद्धा होता.