उडणाऱ्या माणसांचे कंडक्टर

आधी तारीख-वार आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी 'आम्हाला कल्पनाच नव्हती' असा बचाव घेऊ नये. दिवाळीनंतरचा पहिला शुक्रवार: निपाणीतील आमच्या जुन्या थिएटरची मालकी बदलली. जबाबदार: नवे मालक, ज्यांनी खुर्च्यांचे रेक्झिन बदलले आणि तेवढ्यावर न थांबता प्रेक्षकही बदलायचे ठरवले. त्यानंतरचा आठवडी बाजाराचा दिवस: दारावर फलक लागला. जबाबदार: व्यवस्थापक. संक्रांतीआधीचा रविवार, दुपारचा खेळ: कंडक्टरआप्पांना दंडाला धरून बाहेर आणण्यात आले. जबाबदार: वरील दोघे, आणि टॉर्च धरणारा तो इसम, ज्याने हे करताना 'सॉरी आप्पा' असे म्हटले. त्याची ही दिलगिरी मी कबुलीजबाब म्हणून नोंदवून घेतली आहे.

आप्पांनी सारी नोकरी निपाणी, चिकोडी आणि बेळगाव या रस्त्यांवर सरकारी बसच्या तिकिटांना भोके पाडण्यात घालवली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी खात्याची बॅग परत केली. आवाज परत करण्याची तरतूद नियमांत नव्हती, म्हणून तो त्यांच्याकडेच राहिला. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या पायरीवरच्या माणसाला ऐकू जावा असा तो आवाज होता. त्याला निवृत्तीनंतर काम मिळाले ते थिएटरात. अचाट शक्तीच्या, उडणाऱ्या, भिंती फोडणाऱ्या नायकांचे सिनेमे आमच्याकडे कन्नडमध्ये येतात, हिंदीत येतात, कधी थेट इंग्रजीत येतात. मराठीत येत नाहीत. बाजारासाठी आसपासच्या खेड्यांतून आलेली, घरी मराठी बोलणारी म्हातारी माणसे मात्र हौसेने येतात. आप्पा मधल्या रांगेत बसत आणि पडद्यावरचे प्रत्येक वाक्य मराठीत, मोठ्याने, पुढे-मागे पोचवत. त्यांची नेमणूक कोणी केली नव्हती. त्यांना काढण्याचा अधिकारही म्हणूनच कोणाला नव्हता, हा माझा पहिला मुद्दा.

भाषांतर शब्दशः असे, असे मी शपथेवर सांगू शकणार नाही. कन्नड त्यांना उत्तम येई. इंग्रजी चेहऱ्यावरून येई. एकदा खलनायक ढगांत उभा राहून बराच वेळ बोलला. आप्पांनी सभागृहाला कळवले, "म्हनतोय, गाव रिकामं करा, रस्ता रुंद करायचा हाय." सगळे थिएटर खवळले. त्या खलनायकाचा इतका मनापासून द्वेष त्याच्या मूळ देशातही कोणी केला नसेल. नायक प्रेयसीचा हात हातात घेऊन कुजबुजला, तेव्हा भाषांतर आले, "म्हनतोय, रातपाळी हाय, तू जेवून घे." मागच्या रांगेतल्या बायकांनी पदराने डोळे पुसले.

माझी आणि त्यांची ओळख वादातून झाली. बेळगावच्या न्यायालयात वकिली केलेला मी एक माणूस. असल्या नायकांबद्दल माझे आक्षेप कायदेशीर होते. हा इसम अटक-वॉरंटाशिवाय लोकांना पकडतो, सरकारी पूल तोडतो, तोंडाला मुखवटा बांधून फिरतो आणि नुकसानभरपाई देत नाही. मध्यंतरात शेंगा खाणाऱ्या आप्पांना मी विचारले, "कोणत्या कलमाखाली याने ती भिंत फोडली?"

"वकीलसाब," आप्पा म्हणाले, "आग लागल्यावर आधी पंचनामा करून मग पानी मारत्यात व्हय?"

"मी याविरुद्ध लेखी तक्रार करणार आहे."

"करा की. तुमी अर्ज करा, त्यो उडतोय. बघू कोन आधी पोचतंय."

शेंगा मात्र त्यांनी अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या. पुढच्या बाजारवारी मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरून बसलो, ती केवळ पुरावा गोळा करण्यासाठी. पुरावा गोळा करणे मग दर बाजारवारी चालू राहिले.

लोकांना हे नायक का आवडतात, याबद्दल मी वर्तमानपत्रांत पुष्कळ पांडित्य वाचले आहे. आप्पांचे म्हणणे सोपे होते. बहुतेक नायक दिवसा कुठेतरी साधी नोकरी करतात आणि साहेबाच्या शिव्या खातात. तो प्रसंग आला की आप्पा मला कोपराने ढोसत. "बघा, सायेब झापतोय. ह्येनं एक बोट लावलं तर त्यो सायेब पार संकेश्वरात जाऊन पडंल. तरी मान खाली घालून ऐकतोय. उडायला काय, चिमणी बी उडत्या. हे ऐकून घ्यायला ताकद लागती!" तपासनीसांचे वाट्टेल ते ऐकून घेत नोकरी केलेला माणूस हे सांगत होता. आणि त्या रांगेतला प्रत्येक मास्तर, कारकून, वखारीतला हमाल मान डोलावत होता. आपल्यातही असे काही असेल, फक्त ते काढायची वेळ आलेली नाही, असे त्या अंधारात प्रत्येकाला वाटत असावे. मलाही वाटले. मी ते तेव्हा नाकारले होते.

नायक मार खाऊन पडला, की आप्पा हात वर करून अदृश्य दोरी दोनदा ओढत आणि "टिंग टिंग!" असे ओरडत. गाडी सोडायची ती खूण. मग अख्खे थिएटर "टिंग टिंग!" करी आणि नायक उठे. तो आमच्यामुळेच उठतो, याबद्दल तिथे दुमत नव्हते. कोणी नायक खरोखरच मेला आणि एखादी बाई रडू लागली, तर आप्पा मागे वळून सांगत, "रडू नगा आक्का, फुडच्या गाडीनं येतंय त्ये." आणि दोन वर्षांनी ते यायचेच.

सिनेमा संपून नावांच्या पाट्या सुरू झाल्या, की आप्पा दाराकडे निघालेल्यांना अडवत. "उतरू नगा! स्टँड अजून यायचाय!" शेवटच्या पाटीनंतर एक छोटा तुकडा असतो, हे त्यांना ठाऊक होते. एका संध्याकाळी या तुकड्यापायी एका खेड्याची पुरी गर्दी गाडी चुकण्याच्या बेतात आली. आप्पा वहाणा हातात घेऊन स्टँडकडे पळाले आणि सुटलेल्या गाडीच्या मागच्या पत्र्यावर एकच थाप मारली. एक थाप म्हणजे थांबा. ड्रायव्हरने सवयीने ब्रेक दाबला आणि मग खाली उतरून आपल्याच कंडक्टरवर ओरडला. तोवर सगळे चढले होते.

आता फलकाकडे वळतो. नव्या व्यवस्थापनाने आप्पांना उद्देशूनच तो लावला होता, हे उघड आहे. मजकूर बेळगावात कोणाकडून तरी मराठीत करून घेतलेला: 'चित्रपटात बोलण्यास सक्त मनाई आहे.' मी तो वाचला आणि बऱ्याच दिवसांनी मला वकिलीचा आनंद झाला. व्यवस्थापकांना बाहेर बोलावून मी म्हणालो, "चित्रपटात, असे आपण लिहिले आहे. आम्ही चित्रपटात नाही. आम्ही खुर्चीत आहोत. हा हुकूम पडद्यावरच्या मंडळींना लागू होतो. त्याची अंमलबजावणी करा."

"व्हय की!" आप्पा मागून म्हणाले. "त्यो चिलखतवाला दर खेळाला लई बडबडतोय. काढा त्येला भाईर!"

रांग हसली, व्यवस्थापकही हसले, आणि आम्ही आत गेलो. दुसऱ्या दिवशी फलकावर रंगाने एक शब्द वाढवला गेला: 'प्रेक्षकांनी'.

आणि आप्पांनी तो हुकूम पाळला, हे मी ठामपणे नोंदवू इच्छितो. संक्रांतीआधीच्या त्या रविवारी त्यांच्या सर्वांत आवडत्या नायकाचा शेवटचा सिनेमा लागला होता. यानंतर तो येणार नाही, असे सगळीकडे छापून आले होते. आप्पांना तो चुकवायचा नव्हता. दारात त्यांनी व्यवस्थापकांना शब्द दिला, "एक अक्षर बोलनार न्हाय." पंचा तोंडाला लावून ते बसले. त्यांचे ऐकायला आलेली खेड्यातली माणसेही बसली. पडद्यावर कन्नड चालू होते आणि सभागृहात काहीच नव्हते. खलनायक बोलला, कोणी खवळले नाही. माझ्या शेजारी आप्पांचा गुडघा नुसता हलत होता.

शेवटाकडे नायक ढिगाऱ्याखाली गाडला गेला. त्याने डोळे उघडले आणि कुणाला तरी उद्देशून काही पुटपुटला. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "आप्पा, काय म्हनतोय रं त्यो?"

आप्पांचा पंचा घट्ट.

"आप्पा! हाईस न्हवं? काय म्हनतंय त्ये लेकरू?"

आप्पांनी पंचा खाली घेतला. "म्हनतोय, तू थांब तितंच. मी येतोय."

एवढेच. टॉर्च आला. 'सॉरी आप्पा' झाले. मी उभा राहून विरोध नोंदवला आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडलो, त्यामुळे नायक उठला की नाही हे आम्हा दोघांनाही कळले नाही. बाहेर लख्ख ऊन होते. मी म्हणालो, "शब्द दिला होतात. गप्प बसायचे होते."

"बसलोच हुतो की," आप्पा म्हणाले. "पर तिनं हाक मारली. वकीलसाब, हाक मारल्यावर बी गप बसायचं तर मग इतकी वर्सं आपुन आत बघत काय हुतो?"

मी माझा मुद्दा मागे घेतला. अशी वेळ न्यायालयात माझ्यावर क्वचित आली.

आप्पा उन्हाळा पाहू शकले नाहीत. शिमग्याच्या आसपास, घरी, झोपेतच गेले. अंत्ययात्रेला, ज्यांची गाडी त्यांनी थाप मारून थांबवली होती, त्या खेड्याची माणसे आली होती. ती कोणी बोलावली, कळले नाही. तो सिनेमा आता मोबाईलवर मिळतो, असे मला पुष्कळांनी सांगितले आहे. मी तो पाहिलेला नाही. प्रकरण निकाली निघेपर्यंत पाहणारही नाही.

मी व्यवस्थापकांना आणि मालकांना रीतसर पत्रे पाठवली. पोच आली, उत्तर आले नाही. म्हणून आता पत्र नको. येत्या कोणत्याही बाजारवारी, दुपारच्या खेळाआधी, रांग लागलेली असताना, त्या दोघांनी थिएटरच्या पायरीवर उभे राहावे आणि एवढ्याच प्रश्नाचे जाहीर उत्तर द्यावे: अंधारात एका म्हातारीने नाव घेऊन विचारले असता तिला उत्तर देणे, हा अपराध कोणता? उत्तर मराठीत द्यावे. ते मागच्यांनाही ऐकू गेले पाहिजे. आवाज पोचत नसेल तर तसे कबूल करावे, आणि तो पोचवणारा माणूस तुम्ही दंडाला धरून कुठे नेऊन सोडलात, तेही त्याच पायरीवरून सांगावे.