ऑर्किडची मोडलेली दांडी

सुनेनं आज नव्या हळदीचा डबा उघडला, अन् वासासरशी मला एक जुनी सकाळ आठवली. लेकीनं दिलेल्या ऑर्किडला दोन वर्षांनी पहिल्यांदाच कळ्यांची दांडी आली होती. बायको उठली की आधी तीच बघायची. मला दांडी कलंडलेली दिसली, म्हणून टोमॅटो बांधतो तशी सुतळीनं काठीला ताणून बांधली. कट्‌कन मोडली.

“अवं, ह्यो काय टोमॅटो हाय व्हय?” तिचे डोळे भरले.

“मोडली तर मोडली. दे उकिरड्यावर टाकून!” चूक माझी होती, म्हणून जास्तच ओरडलो.

“दांडी मोडलीय, झाड न्हाय मेलं.” तिनं धुतलेल्या ब्लेडनं खालच्या पेराच्या वर सरळ काप घेतला, कापाला हळद लावली अन् कळ्यांचा तुकडा पाण्याच्या पेल्यात ठेवला. मग लोकरीचा धागा माझ्या हातात दिला. “फुडली दांडी तुमीच बांधायची. सैल.”

तेव्हा मला तो टोमणा वाटला. आता कळतं, ती झाड माझ्या हवाली करत होती. त्याच पेरातून नवी दांडी फुटली, ती मीच बांधली. बायकोला जाऊन आता वर्ष होईल. त्या सकाळपासून कितीतरी दांड्या आल्या. माझ्या हातनं एकबी मोडली न्हाय.