हसुरामकाकांनी हळद का लावली नाही

हसुरामकाका आज सकाळी गेले. आणि मी चाळीस वर्षं त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली.

आता लपवून तरी काय करू?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऐंशीच्या दशकात मी ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. अणुभट्टीत लागणाऱ्या स्टीलचं टेस्टिंग आमच्याकडे व्हायचं.

स्टीलचे बिस्किटाएवढे तुकडे असायचे, त्यांना आम्ही कूपन म्हणायचो. प्रेशर कुकरचा थोरला भाऊ शोभेल अशा एका जाड भांड्यात ते टांगायचे आणि तीन आठवडे प्रचंड तापलेल्या वाफेत ठेवायचे. मग बाहेर काढून बघायचं, किती गंजले.

हा गंज तांबडा नसतो. काळा, पातळ. सगळीकडे सारखा आला तर माल पास.

नियम एकच. कूपनला उघडा हात लावायचा नाही. घामातलं मीठ लागलं की वाफेत नेमकं तिथेच स्टील खराब होतं.

कूपन धुवायचं, टांगायचं काम काकांचं. खाडीकाठचा माणूस, वडील मिठागरात राबलेले. जमीन नवं शहर वसवायला सरकारने घेतली तेव्हा कंपनीत लागले. हातमोजे असे घालायचे, जणू आता ऑपरेशनच करणार आहेत. मी त्यावरून जाम चिडवायचे त्यांना.

मी नवीन. दिघ्याहून यायचे. घरातली पहिली बी.एस्सी., नोकरी टेम्पररी, आणि वडिलांचं काम नुकतंच सुटलेलं.

एक दिवस काका जेवायला गेले होते. एक कूपन तारेवर नीट बसलं नव्हतं, म्हणून मी चिमट्याने सरळ करायला गेले. ते सटकलं.

मी पटकन पकडलं. उघड्या अंगठ्याने.

पडू नये म्हणून पकडलं हो, दुसरं काही नाही.

घाईघाईत त्यावर अ‍ॅसिटोन ओतलं आणि परत टांगलं. अ‍ॅसिटोनने तेल निघतं, मीठ निघत नाही. ते पाण्यानेच धुवावं लागतं. कॉलेजात शिकले होते मी हे, पण त्या क्षणी डोकंच चालेना. कोणाला बोललेही नाही.

तीन आठवड्यांनी झाकण उघडलं. बाकी सगळी कूपनं काळी कुळकुळीत.

आणि एकावर अंगठा. अर्धाच, पण रेषांसकट.

आमचे साहेब काकांकडे बघून म्हणाले, "मिठागरातले हात. मीठ सुटणारच."

सगळे हसले. तीन आठवडे फुकट गेले होते, कोणावर तरी ढकलायचंच होतं. त्याच आठवड्यात काकांना लॅबमधून काढून स्टोअरमध्ये टाकलं.

दुपारी मी ते कूपन मायक्रोस्कोपखाली ठेवलं. ठशावर एक आडवी चीर होती. लहानपणी विळीवर कापलेल्या माझ्या अंगठ्यावर आहे, तीच.

तशीच उठून स्टोअरमध्ये गेले. सांगायलाच गेले होते, खरंच. पण तोंडातून शब्द फुटायच्या आधी रडायलाच लागले, आणि काका उलट मलाच समजावत बसले.

"जाव दे गो पोरी. मोजं घातलं तरी माजाच हात खारट हाय."

त्यांना ते मनापासून खरं वाटत होतं. मी हादरले. आणि नोकरी जाईल म्हणून गप्प बसले.

पुढे मी परमनंट झाले. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोलले. नालायकपणा, दुसरा शब्द नाही.

काही वर्षांनी त्यांच्या भारतीचं लग्न ठरलं. मुलगा तिनेच पसंत केलेला, कळंबोलीच्या लोखंड बाजारात नोकरीला. हळदीला अख्खा गाव लोटला होता. काकी हाका मारून दमल्या, अहो, पोरीला हळद लावा. काका मांडवाच्या खांबाला टेकून उभे, दोन्ही हात पाठीमागे. मी बोलवायला गेले तर हळूच मला म्हणाले,

"माजा हात नको तिला. जिथं लागतो तिथं खराब होतं."

माझ्या हातात हळदीची वाटी होती. मी ती तशीच काकींना परत नेऊन दिली.

ते वाक्य मला अजून सोडत नाही. दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला जाते, मशीनवर अंगठा ठेवते. स्क्रीनवर ठसा येतो, काळा. मी मान फिरवते. काउंटरवरच्या मुलीला वाटतं, आजींना मशीनची भीती वाटते.

आज त्यांच्या घरी गेले. भारती गळ्यात पडली. रडता रडता तिने विचारलं, "मावशी, माझ्या हळदीला बाबा रागावले होते का हो माझ्यावर? मुलगा पसंत नव्हता का त्यांना? मी कधी विचारलंच नाही."

पस्तीस वर्षं पोरीने हे पोटात ठेवलं.

आणि मी तिथेही गप्प. घरात माणसं होती, हे आपलं माझं कारण.

म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर. ज्यांना शिव्या घालायच्या त्यांनी घाला.

भारती, बाबा रागावले नव्हते गं. तुझ्या संसाराला काही होऊ नये म्हणून लांब उभे राहिले.

तो ठसा माझा होता. त्यांच्या हातात काहीच खोट नव्हती.

काका, माफी मागायचं तोंड नाही मला. येते.