परसात टँक हवा की नको

बाबांनी परसात फक्की मारली तेव्हा मी घरी नव्हते. परत आले तर आंबा आणि कपडे वाळत घालायची दोरी यांच्या मधोमध पांढऱ्या चुन्याचा लांबट चौकोन आखलेला. आई म्हणाली, "मला काही विचारू नकोस. टँक करतायत."

"कसला टँक?"

"पोहायचा."

मी पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आमच्या गटासाठी पत्रकं लिहिते. तेव्हाही लिहायचे. आमचं घर पनवेलच्या बाहेर, आपट्याच्या रस्त्याला. तिथून पुढे डोंगराच्या कडेकडेने फार्महाऊसं उभी राहिली आहेत. बहुतेकांच्या आवारात निळा पूल, आणि बोअर तर प्रत्येकाची. खालच्या आदिवासी वाडीची विहीर मार्चमध्ये तळ दाखवते. यावर मी नुकतंच एक पत्रक लिहिलं होतं, पाठपोट छापलेलं, मथळा 'तुमची मौज, आमची तहान'. ते फार चांगलं उतरलंय असं माझं मत होतं. आणि आता माझ्याच परसात फक्की.

"बाबा, मी काय काम करते ते तुम्हाला माहितीये ना?"

"माहीत हाय. पत्रकं वाटतेस."

"पूलच्या विरोधात वाटते."

"मग वाट की. घरात पन ठेव एक. चष्मा लावून वाचतो."

बाबा खाडीकाठच्या जासई गावचे. लहानपणी भरतीच्या वेळी ते खाडीत उड्या मारायचे. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाला पाणी सोडायचं एक दार असे, त्याला उघाडी म्हणतात. त्या उघाडीवरून उडी. मग न्हावा शेव्याचं बंदर आलं, मागोमाग कंटेनरची आवारं आली, खाडीवर भराव पडला. बाबांना त्याच रस्त्यावरच्या वजनकाट्यावर नोकरी लागली. जिथे ते पोहले तिथेच उभे राहून त्यांनी निवृत्त होईपर्यंत ट्रक तोलले. याबद्दल मी त्यांच्यापेक्षा जास्त चिडते. ते कधी काही बोलले नाहीत. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी फक्त एवढंच म्हणाले, "बाय, मला मरायच्या आधी पवायचं हाय."

मी त्यांना पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर पाठवलं. मोठ्या उत्साहाने अर्ज भरून दिला. पहिल्याच दिवशी ते तासाभरात परत आले. नायलॉनची चड्डी हवी, डोक्यावर टोपी हवी, आणि बॅच संपली की शिटी.

"शिटी वाजली की भायेर. मी काय जनावर हाय हाकलायला?"

"नियम असतात, बाबा."

"खाडीला नव्हते."

त्यानंतर त्यांनी मला न सांगता कंत्राटदार गाठला होता.

मी समोरासमोर भांडण्यात वाईट आहे. लिहून मात्र कुणालाही गप्प करू शकते, असा माझा समज. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या चहाच्या कपाखाली पत्रक ठेवलं. स्वतःच्या बापाला पत्रक देणारी मी काही जगात पहिली नसेन, पण त्या सकाळी मला त्यात काही चूक वाटली नाही.

संध्याकाळी पत्रक माझ्या टेबलावर परत आलं. एका वाक्याखाली निळ्या पेनाने रेघ. मी लिहिलं होतं: 'दर आठवड्याला हे सगळं पाणी गटारात सोडून पूल नव्याने भरला जातो.' समासात बाबांचं अक्षर: 'चूक. फिल्टर असतो. तेच पाणी फिरते.' वजनकाट्यावरच्या माणसाचं अक्षर, एकही अक्षर रेघेखाली जात नाही.

मी दोन ठिकाणी विचारून पाहिलं. बाबा बरोबर होते. रोज थोडं पाणी उडून जातं, सांडतं, ते वरून घालावं लागतं; पण दर आठवड्याला कुणी पूल रिकामा करत नाही. ते वाक्य मी कुणाकडून ऐकलं होतं हे मला आठवेना. खरं म्हणजे ऐकलंच नव्हतं. रागाच्या भरात आपोआप आलं होतं.

आमच्या गटाचा एक नियम आहे. ज्यांच्याबद्दल पत्रक आहे त्यांना ते छापण्याआधी मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि छापल्यावर चूक सापडली तर त्यांच्याच समोर जाऊन कबूल करायची. मी वाडीवर गेले. समाजमंदिराच्या पायरीवर पाच-सहा बायका बसल्या होत्या, त्यांना ते वाक्य वाचून दाखवलं आणि हे खोटं आहे म्हणून सांगितलं.

त्यांच्यातली सगळ्यात थोरली, जी सभेत नेहमी पुढे बसते, ती म्हणाली, "आमाला माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"फिल्टर. आमीच तर टाइली घासतो तिकडं."

"मग मी वाचलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू येवढी चिडून वाचत व्हतीस ताई. मधी कोन बोलनार?"

बाकीच्या पदराआड हसल्या. मीही हसायला हवं होतं. मला ते जमलं नाही.

"पन तुला कुनी सांगितलं?" एकीने विचारलं.

इथे मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगून टाकलं, की माझ्या बाबांना घरी टँक बांधायचाय. मला वाटलं आता शांतता पसरेल, कुणीतरी उठून जाईल. तसलं काही झालं नाही.

"कोन खननार?" थोरलीने विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"जेसीबी लावू नको म्हनावं. आमी येतो. आनि पानी कुठून घालनार?"

"टँकरने."

आता मात्र ती थांबली. म्हणाली, "टँकर आमच्याकडं मे मैन्यात येतो. कवा येतो, कवा नाय. नाय येत त्या दिशी वर कुनाच्या फाटकात शिरतो ते आमाला हितून दिसतं." मग माझ्याकडे न बघता, "बापाला सांग, टँकर नको. बाकी त्याचं घर हाय, त्याची जमीन हाय."

एवढंच. मी पाठपोट भरून लिहिलं होतं ते तिने एका दमात सांगितलं, आणि शिवाय माझ्या बापाला त्याची जमीन ठेवू दिली. मी नसती ठेवू दिली.

घरी आल्यावर मी बाबांना तिचे शब्द तसेच सांगितले, माझं काही न मिसळता. "आपला टँकर त्यांच्या वाट्याचा असंल?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असू शकतो, नसू शकतो. ते म्हणाले, "असू शकतो म्हंजे हायच." आणि टीव्ही लावला. मला वाटलं विषय संपला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली, कारण ते टीव्हीकडे बघत नव्हते.

त्या आठवड्यात कंत्राटदार आला. टापटीप पोरगा, हातात टाइलींचे नमुने. बाबांनी त्याला विचारलं, "समज, फक्त पावसाचं पानी भरलं. छपराचं. मागून काय घातलंच नाय तर?"

"काका, लेव्हल खाली जाणार. पंप कोरडा चालणार. मग गॅरंटी नाही."

"पंप नको."

"पंप नाही तर फिल्टर नाही. पाणी हिरवं होईल, काका."

"खाडीचं काय निळं व्हतं?"

पोरगा हसला. "मग ते तळं झालं. ते आम्ही करत नाही."

"आमी करतो," बाबा म्हणाले, आणि त्याला चहा दिला.

एप्रिलमध्ये वाडीवरची दोन जोडपी खणायला आली. खड्डा तयार झाला तेव्हा बाबांनी शेतातली चिकण माती आणवली आणि स्वतः त्यात उतरले. खाडीचा बांध घालायची रीत त्यांच्या पायांना ठाऊक होती. मातीत पेंढा मिसळायचा, पातळ थर द्यायचा, टाचेने तुडवायचा, तो जरा आवळला की वर दुसरा. कडेला दगड. जासईला हाच बांध पाणी बाहेर ठेवायला घालत, इथे आत ठेवायला. फरक काय, मी विचारलं. "फरक नाय. चिखलाला काय कळतं?" वाडीवरच्या बाया खड्ड्याच्या काठावरून बघत होत्या. एक म्हणाली, "ताई, तुझा बाप नाचतोय बघ." बाबांनी तिलाही आत बोलावलं. आईने बेडकांबद्दल तक्रार केली, आणि मग तिनेच डासांसाठी गप्पी मासे कुठे मिळतात याची चौकशी केली.

गटात कुजबुज झालीच. "तुझ्या घरी स्विमिंग पूल आहे म्हणे," एकाने बैठकीत मला सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, आहे, बघायला ये. तो आला नाही. पत्रक आम्ही सुधारून पुन्हा छापलं. गटारात पाणी सोडायचं वाक्य गेलं, टँकर कुठल्या फाटकात शिरतो ते आलं. ते आधीच्यापेक्षा लहान होतं आणि त्याने जास्त लोक चिडले. वाडीला टँकर अजूनही कधी येतो, कधी नाही.

जुलैच्या मध्यावर तळं काठोकाठ भरलं आणि आईने त्यात गप्पी मासे सोडले. बाबा जुनी हाफ पँट घालून उतरले. पोहताना त्यांची मान पाण्याच्या वर ताठ असते, खाडीत पुढून काय वाहत येतंय ते दिसावं म्हणून. चार हात मारले की काठ येई. ते वळत, परत चार हात. तळाचा गाळ वर येई. ते बाहेर येऊन अंग पुसत. त्या पावसाळ्यात ते जेवायला बसले की दुसऱ्यांदा भात मागायचे, एवढंच मी सांगू शकते.

डिसेंबरपासून पाणी उतरायला लागलं. मातीने धरून धरून किती धरायचं. जानेवारीच्या शेवटी पाणी त्यांच्या मांडीपर्यंत आलं. एका सकाळी त्यांनी पोहायचा प्रयत्न केला आणि गुडघे तळाला टेकले. ते तसेच उभे राहिले. आई काठावर होती. ती म्हणाली, "एकच टँकर मागवू या का? एकाने कुणाचं काय जातंय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी आंब्याखाली उभी होते. त्यांनी तेव्हा मागितला असता तर मी हो म्हटलं असतं. एवढे दिवस टँकरविरुद्ध लिहिल्यावर, त्या माणसाला गढूळ पाण्यात उभं बघून, मी हो म्हटलं असतं आणि वाडीवर जाऊन तोंड कसं दाखवायचं ते नंतर ठरवलं असतं.

त्यांनी मागितला नाही. दगडाला धरून वर आले, पायाचा चिखल काठाच्या गवताला पुसला. "मासे उचल," मला म्हणाले. "ड्रम भरून ठेवलाय मागं."

मी चाळण आणली आणि खाली उतरले.