हाडं जोडणारा धोंडिराम

धोंडिराम सरवदे सोलापूरच्या एका मेडिकल कॉलेजात शिपाई होता. मुलं मृतदेहावरून शरीर शिकतात, त्या विभागात त्याची नेमणूक होती. पहिले आठ दिवस घरी आल्यावर त्याला भाकरी गेली नाही. हळूहळू सवय झाली, आणि मग त्या कामाची गोडीच लागली.

सुटी हाडं तारेनं जोडून सांगाडा उभा करायचं काम त्याच्याकडं आलं. पहिल्या सांगाड्याचा गुडघा त्यानं इतका आवळला की पाय वाकेचना. तार सैल केली तर नडगी घसरून बाजूला जाई. ते बघून विभागातल्या दाक्षायणी मॅडमनी त्याला टेबलाशी नेलं आणि खरा गुडघा उघडून दाखवला. हाडाला हाडाशी धरून ठेवणारे पांढरे चिवट पट्टे होते. दोन बाजूंना दोन, आणि आत एकमेकांवरून तिरपे गेलेले दोन. हे बंध, त्या म्हणाल्या. सांधा हलू देतात, पण भलतीकडं जाऊ देत नाहीत. चौथी शिकलेल्या धोंडिरामनं प्रत्येक बंध बोटानं चाचपून पाहिला. पुढं परीक्षा जवळ आली की मुलं त्यालाच गाठून सांधे समजून घेऊ लागली.

शहात्तरच्या उन्हाळ्यात त्याची बायको चांगुणा भरली घागर घेऊन नळाच्या ओट्यावरून उतरताना पाय मुरगळून पडली. घोटा बघता बघता सुजला. पाय उतरलाय, सांधा निखळलाय, असं सगळ्या गल्लीनं ठरवलं. शेजारच्या बजाबाईनं तर तालमीतल्या वस्तादाला पाय ओढायला बोलावलंही. तेवढ्यात धोंडिराम कामावरून आला.

त्यानं घोट्याची दोन्ही हाडं दाबत नेली. तिथं चांगुणा गप्प होती. बाहेरच्या हाडाच्या जरा खाली बोट टेकताच ती कळवळली.

"हाड शाबूत हाय," तो म्हणाला. "बंध ताणलाय. ओढला तर आनखी फाटंल."

"तुमी मेलेल्यांची हाडं बघता," चांगुणा रडत म्हणाली. "मी जित्ती हाय की."

तिचं खरं होतं. जिवंत माणसाचा सांधा त्यानं कधी तपासला नव्हता. तरी त्यानं वस्तादाला हात जोडून परत पाठवलं, पाय ओल्या फडक्यात गुंडाळला आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पायाचा एक्स-रे फोटो निघेपर्यंत तो बाकावर बसलाच नाही.

हाड मोडलं नव्हतं. बाहेरचा बंध अर्धवट फाटला होता. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, बंधाला रक्त कमी मिळतं, त्यामुळं तो सावकाश भरतो. सहा आठवडे जपायला हवं.

ते सहा आठवडे बायकांच्या रांगेत उभं राहून धोंडिरामनं पाणी भरलं. बायका हसायच्या, तोही हसायचा. सूज उतरल्यावर तो चांगुणाला भिंतीला धरून दुखऱ्या पायावर उभं करी आणि वीस आकडे मोजी. बंध बळकट व्हायचा तर त्याला थोडं थोडं काम द्यावं लागतं, हे त्यानं डॉक्टरांकडून विचारून घेतलं होतं.

सातव्या आठवड्यात चांगुणा मंगळवार बाजाराला चालत गेली. धोंडिराम पिशवी घेऊन मागं होता, नजर तिच्या घोट्यावर.

"खाली काय बगताय?" ती म्हणाली. "वांगी बगा, कवळी हायेत का."

त्यानं वांगी निवडली. ज्वारी, शेंगा घेऊन दोघं रमतगमत घरी आली.