बिनदाराचं घर

नव्या फ्लॅटचं दार करकरतं. मुलगा बिजागरीला तेल घालायला आला, तर मी "राहू दे" म्हणून ओरडलेच.

घोडेगावजवळच्या आमच्या गावात शनिदेवाच्या धाकानं घरांना दारंच नव्हती. थोरला भाऊ पाहुण्यांना हसवायचा, "आमच्यात चोर येतो, पन कडी वाजवायला दार घावंना म्हनून माघारी जातो."

बहात्तरच्या दुष्काळात एका दुपारी, खडी फोडून दमलेली आई झोपली असताना, भाऊ बोचकं घेऊन निघून गेला. परत आलाच नाही.

"दार असतं तर वाजलं असतं गं, मला जाग आली असती," आई मरेपर्यंत म्हणायची.

मी जागीच होते. त्याच्या वाट्याची भाकरी आता मला मिळेल, एवढंच मनात आलं होतं.