पितळी झाकण

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत भोरमध्ये आमची एक जुनी मोटार होती. आमची म्हणजे माझ्या यजमानांची आणि त्यांच्या दोस्ताची, अर्धी अर्धी. दोस्त मुसलमान आळीतले. दोघं लहानपणी नीरेत एकत्र पोहायला शिकलेले. यजमान मोटार चालवायचे, दोस्त तिची दुरुस्ती बघायचे. मी त्यांना भावजी म्हणत असे. उतारू घेऊन मोटार नसरापूरवरून वेल्ह्याच्या अंगाला, सडक धड असेल तिथवर जाई.

एकदा खड्ड्यांत आदळता आदळता पेट्रोलच्या टाकीचं झाकण वाटेत कुठं तरी पडलं. नवं मिळायची सोय नव्हती. यजमानांनी भोरातल्या तांबटाकडून पितळेचं झाकण करून घेतलं. आट्यांवर इतकं घट्ट बसायचं की पेट्रोलचा वाससुद्धा बाहेर येत नसे. भावजींनी ते हातात फिरवून पाहिलं आणि तांबटाचं कौतुक केलं.

त्याच सुमाराला मोटारीनं खोडी काढली. हँडल मारलं की झटक्यात चालू व्हायची, पण भोरची वेस ओलांडते न ओलांडते तोच गचके देऊन बंद. झाकण उघडून आत काडी घालून बघावं तर पेट्रोल आहे. झाकण लावून नळी फुंकावी, हँडल मारावं, की पुन्हा चालू. थोडं पुढं जाऊन पुन्हा बंद.

तेव्हा पेट्रोल मोजकंच मिळे आणि तेही गाळ असलेलं. भावजींचा सगळा संशय त्या गाळावर. त्यांनी पेट्रोल फडक्यातून गाळलं, कार्बुरेटर खोलून धुतला, प्लग घासले. प्रत्येक वेळी मोटार चालू झाली की म्हणायचे, "आता सापडलं." आणि प्रत्येक वेळी ती पुढं जाऊन बंद पडायची.

माझं माहेर गुंजवण्याचं. चुलतबहिणीच्या लग्नाला मी त्याच मोटारीनं निघाले होते. भावजीही बरोबर होते. मोटार वरवे गावापाशी थांबली. चालू झाली, थांबली. ऊन तापलं होतं. वेल्ह्याच्या बाजाराला निघालेले उतारू एकेक करून उतरले आणि आपापली गाठोडी डोक्यावर घेऊन चालू लागले. एक म्हातारे जाता जाता यजमानांना म्हणाले, "पावनं, ही मोटार इका आन बैल घ्या. बैल वाटंत बंद पडत न्हाई."

लोक हसले. यजमानांचा चेहरा उतरला. ते भावजींकडे वळले.

"आठ दिस झालं, खोलतूयास आन लावतूयास. तुला येत न्हाई तर येत न्हाई म्हण. उगं माझ्या तोंडाला काळं का फासतूस?"

भावजी वाकून नळी काढत होते. त्यांनी ती परत नीट बसवली, हात पुसले, पाने पेटीत ठेवले आणि पेटी मोटारीच्या पायरीवर ठेवली. मला म्हणाले, "वहिनी, सावलीला बसा. मोटार निवली की चालंल." मग भोरच्या दिशेनं चालत निघाले. यजमानांनी हाक मारली नाही. मी म्हटलं, "अवो, हाक तरी मारा." ते म्हणाले, "येईल सांजच्याला. कुठं जातोय."

ते आले नाहीत. यजमानही गेले नाहीत. दोघं एकमेकांची वाट बघत राहिले.

पुढं एकदा पेट्रोल भरताना झाकण आमच्या ओट्यावरच राहिलं. वाटेत लक्षात आल्यावर यजमानांनी टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं आणि तसेच निघाले. त्या दिवशी मोटार कुठंही न अडता गेली आणि परत आली. घरी आल्यावर यजमान ते झाकण हातात घेऊन बसले. मला म्हणाले, "रॉकेलच्या डब्याला तू दोन भोकं का पाडतीस?"

"एकानं तेल पडत न्हाई. वारा आत जायाला दुसरं लागतंच की."

त्यांनी झाकण उलटं करून पाहिलं. पडलेल्या झाकणाला बारीक भोक होतं, या पितळेच्या झाकणाला नव्हतं. टाकीत वारा जात नव्हता म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं. बघायला म्हणून झाकण उघडलं की वारा आत जाई आणि मोटार चालू होई. सगळे नळी फुंकल्याचा गुण समजत होते.

त्यांनी खिळ्यानं झाकणाला भोक पाडलं आणि तसेच मुसलमान आळीत गेले. थोड्याच वेळात परत आले. भावजी पलटणीत ड्रायव्हर म्हणून भरती होऊन गेले होते. त्यांच्या आईनं विचारलं होतं, "तुला सांगून न्हाई गेला?"

वर्षभरानं भावजी एकदा सुट्टीवर आले. खाकी कपड्यांत, वाळलेले. यजमान वेल्ह्याला गेले होते. भावजी ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "मोटार चालती का?" मी झाकणाचं सगळं सांगितलं. ते आधी बघतच राहिले, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "म्या सोताच्या हातानं कौतुक केलं व्हतं त्याचं," म्हणाले. त्यांना दुपारच्या गाडीनं पुण्याला जायचं होतं. थांबणं त्यांच्या हातात नव्हतं. निघताना वळून म्हणाले, "त्याला म्हणावं, पुढल्या सुट्टीत वेल्ह्यापत्तोर मी चालवीन. त्यानं मागं उतारू म्हणून बसायचं."

पुढली सुट्टी आली नाही. तिकडं इराकात भावजी तापानं गेले, अशी बातमी त्यांच्या आईकडं आली. यजमान त्या माउलीपाशी दिवसभर बसून आले. मोटार त्यांनी पुढं विकली, पण त्याआधी कितीतरी दिवस चालवलीच नव्हती.

जेवताना, शेतावर जाताना, कधीही ते मला मधेच विचारायचे, "तो हसला म्हनलीस, तो रागानं न्हाई ना हसला?"

मी म्हणायची, "न्हाई वो. मनापासनं हसले."

ते मान हलवायचे. चार-आठ दिवस गेले की पुन्हा विचारायचे.